अर्ध्या पोटाची गोष्ट

गेल्या मे महिन्यात गावच्या घराची कौलं उतरवायची होती, म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्या तळाशी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे कागद निघाले. गिरणीचा पास, पीएफच्या पावत्या, जुनं रेशनकार्ड आणि मुंबईतल्या एका हॉस्पिटलचं घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड. साल १९७४. निळ्या शाईतल्या डॉक्टरी अक्षरातलं मला लागलं ते एवढंच : ‘ड्युओडेनल अल्सर. पार्शल गॅस्ट्रेक्टॉमी. बिलरोथ २.’

आधी वाटलं, बिलरोथ हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव असणार. मोबाइलवर शोधलं तर हे गृहस्थ व्हिएन्नातले निघाले आणि १८९४ सालीच वारलेले. आबांचा तर जन्मच त्यानंतर अडतीस वर्षांनी झाला.

आबांचं पोट अर्धं कापलेलं आहे, हे आमच्या घरात लहान पोरांनाही माहीत होतं. बेंबीच्या वर उभा व्रण होता. आम्ही त्याला ‘आबांची चेन’ म्हणायचो. ते दर दोन तासांनी थोडं थोडं खायचे. खिशात कायम बिस्किटाचा पुडा. लग्नाच्या पंगतीत दोन वाट्या श्रीखंड खाल्लं की अर्ध्या तासात त्यांना दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची आणि ते मांडवाच्या मागे जाऊन आडवे व्हायचे. पाहुणे म्हणायचे, “ह्यांची नाटकं सुरू झाली.”

आबा साताऱ्याकडचे. अठराव्या वर्षी मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. अल्सर का झाला, याची घरातली उत्तरं ठरलेली होती. बाबा म्हणायचे, तिसऱ्या पाळीमुळे. शेजारी म्हणायचे, चहा आणि विडीमुळे. आजी म्हणायची, त्यांच्या रागामुळे. आणि आबांची आई, माझी पणजी, मरेपर्यंत म्हणत राहिली की सुनेच्या तिखट हातामुळे. माझ्या आजीनं हा आरोप पन्नास वर्षं ऐकला. नंतर पणजी गेली, पण आजीनं स्वतःशी तो चालूच ठेवला.

या कागदाच्या मागे लागायला मला आणखी एक कारण होतं. ट्रंक उघडण्याच्या सहा महिने आधी माझीही एंडोस्कोपी झाली होती.

व्हिएन्ना, १८८१

थिओडोर बिलरोथ १८६७ पासून व्हिएन्नात शल्यक्रियेचे प्राध्यापक होते. उत्तम पियानो वाजवायचे. संगीतकार ब्राम्स त्यांचा जवळचा मित्र. त्यानं आपली दोन स्ट्रिंग क्वार्टेट बिलरोथला अर्पण केली आहेत.

त्या काळात पोट उघडणं म्हणजे रोग्याला जवळपास निरोप देणंच होतं. १८७९ मध्ये पॅरिसमध्ये पेआन यांनी जठराचा खालचा भाग कापून काढून पाहिला. रोगी पाचव्या दिवशी गेला. १८८० मध्ये पोलिश सर्जन रिडिगियर यांनी प्रयत्न केला. तोही रोगी वाचला नाही.

२९ जानेवारी १८८१ रोजी बिलरोथसमोर टेबलावर होत्या तेरेसे हेलर. वय ४३. जठराच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ, खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. बिलरोथनं जठराचा खालचा भाग काढला आणि उरलेला भाग थेट छोट्या आतड्याला शिवला. ऑपरेशन दीडेक तास चाललं. बाई उठल्या, जेवू लागल्या, घरी गेल्या. जगभर बातमी झाली. कर्करोग मात्र आधीच पसरलेला होता. चारेक महिन्यांत त्या गेल्या.

ही झाली ‘बिलरोथ १’. १८८५ मध्ये त्यांनी दुसरी पद्धत काढली. जठराचं कापलेलं टोक बंद करायचं आणि छोट्या आतड्याचा पुढचा वेढा वर ओढून उरलेल्या जठराला जोडायचा. ही ‘बिलरोथ २’. आबांच्या कार्डावरची हीच.

म्हणजे कर्करोगासाठी शोधलेली शस्त्रक्रिया नव्वद वर्षांनी लालबागच्या एका साचेवाल्यावर अल्सरसाठी झाली. हे कसं झालं?

आम्ल नाही तर अल्सर नाही

१९१० मध्ये कार्ल श्वार्झ नावाच्या सर्जननं एक सूत्र मांडलं. त्याचा अर्थ असा, की आम्ल नसेल तर अल्सरही नसेल. पुढची सत्तर वर्षं अल्सरचा सगळा उपचार या एका सूत्रावर उभा होता.

त्याआधी १९०५ मध्ये इंग्लंडात जॉन एडकिन्स यांनी दाखवलं होतं की जठराच्या खालच्या भागातून, म्हणजे ‘अँट्रम’मधून, एक संप्रेरक निघतं. त्याचं नाव गॅस्ट्रिन. ते वरच्या भागातल्या पेशींना सांगतं, आम्ल तयार करा. मग हिशेब सरळ होता. हुकूम सोडणारा अँट्रमच कापून टाकायचा, आम्ल करणारा थोडा भागही काढायचा, की आग विझली. १९४३ पासून लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराकडे जाणारी व्हेगस नस कापायची पद्धत रूढ केली. हेतू तोच, आम्ल कमी करणं.

आणि हे चालायचं, हे कबूल करायला हवं. बिलरोथ २ नंतर बहुतेकांचा अल्सर परत येत नसे. रात्री दोन वाजता पोट धरून उठणारा माणूस झोपू लागे. आबाही झोपू लागले. त्यांच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये जे केलं, ते त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे अगदी बरोबर होतं.

पण आम्ल इतकं का वाढतं, याला उत्तर नव्हतं. मग ती जागा स्वभावानं भरून काढली. १९५० च्या सुमाराला शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर अल्सरला मनातून उपजणाऱ्या सात आजारांत धरत होते. त्यांच्या मते, कुणीतरी आपल्याला सांभाळावं ही दाबून टाकलेली इच्छा जठरात उतरते. आमची पणजी शिकागोला गेली नव्हती, पण निदानाची रीत तीच. आजार आला की आधी माणसात खोट शोधायची.

भारतातही कुणी वेगळा विचार करत नव्हतं असं नाही. फ्रँक टोवी हे ब्रिटिश सर्जन पन्नास-साठच्या दशकांत म्हैसूरच्या एका मिशन हॉस्पिटलात होते. त्यांच्याकडे ड्युओडेनल अल्सरचे रोगी रांगेनं येत. त्यांच्या लक्षात आलं की भात खाणाऱ्या दक्षिणेत हा आजार फार आणि गहू खाणाऱ्या उत्तरेत कमी. ते पुढे आयुष्यभर आहार आणि अल्सर यांचा माग काढत राहिले. निदान त्यांनी रोग्याच्या स्वभावापलीकडे पाहिलं.

जठर स्वतःला का खात नाही?

इथे थोडं मागे जाऊ. १७७२ मध्ये लंडनच्या जॉन हंटर यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. मेल्यानंतर काही माणसांचं जठर स्वतःलाच पचवून टाकतं, त्याला भोकं पडतात. मग जिवंतपणी ते तसं का करत नाही?

याचं उत्तर ज्या गोष्टीत आहे, तिचं नाव घ्यायलाही आपल्याला किळस येते. श्लेष्मा. शेंबडाच्या जातीचा तो बुळबुळीत थर. जठराच्या आतून त्याचा पातळ लेप असतो, मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा. त्याच्या एका बाजूला धातू गंजवील इतकं तीव्र आम्ल आणि दुसऱ्या बाजूला नाजूक पेशी. पेशी या थरात खाली बायकार्बोनेट सोडत राहतात, म्हणजे आपल्या खायच्या सोड्याचाच भाऊबंद. त्यामुळे थराच्या वर आम्ल आणि तळाशी जवळपास पाणी, असा फरक टिकून राहतो.

हा थर ज्या प्रथिनांचा असतो, त्यांना म्यूसिन म्हणतात. बाटली धुवायचा ब्रश डोळ्यांसमोर आणा. मधली तार म्हणजे प्रथिन आणि तारेभोवतीचे केस म्हणजे साखरेच्या साखळ्या. हे केस पाणी धरून ठेवतात आणि असे असंख्य ब्रश एकमेकांत गुंतले की जेली तयार होते. जठरात मुख्यतः दोन म्यूसिन असतात. पृष्ठभागावरच्या पेशी ‘म्यूक-५-एसी’ करतात. खोल ग्रंथींतल्या पेशी ‘म्यूक-६’ करतात, आणि अँट्रमच्या ग्रंथींत तर त्याचं भांडारच असतं. दोन्ही वर येऊन चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखी एकाआड एक पसरतात.

त्यांच्या जोडीला ‘ट्रेफॉइल’ नावाची छोटी प्रथिनं असतात. ट्रेफॉइल म्हणजे तीन पानांचं. प्रथिनाची साखळी वळून तिचे तीन फास होतात. आपल्याकडे नाव ठेवायचं असतं तर बेलाच्या पानावरून ठेवलं असतं. टीएफएफ-१ हे म्यूक-५-एसीबरोबर राहतं, टीएफएफ-२ म्यूक-६ बरोबर. थराला बळकटी देणं आणि कुठे खरचटलं तर शेजारच्या पेशींना सरकत येऊन जखम झाकायला मदत करणं, ही त्यांची कामं. १९९६ मध्ये टीएफएफ-१ चं जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवले, तर त्यांच्या अँट्रममध्ये गाठी झाल्या. एवढंसं प्रथिन, पण ते नसलं की घर बिघडतं.

हे सगळं कळलं ते १९८० नंतर. त्याआधी श्लेष्मा म्हणजे तपासणीत आडवा येणारा चिकटा. नमुना घेतला की तो धुऊन टाकायचा.

धुऊन टाकलेली गोष्ट

आणि त्या चिकट्यात कुणीतरी राहत होतं.

१८९३ मध्ये इटलीत जुलिओ बिझोझेरो यांना कुत्र्यांच्या जठरात मळसूत्रासारखे जंतू दिसले होते. १९४० मध्ये बोस्टनमध्ये स्टोन फ्रीडबर्ग आणि लुई बॅरन यांनी त्याहून महत्त्वाचं काम केलं. शस्त्रक्रियेत कापून काढलेली जठरं त्यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवून तपासली. ३५ नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिकांत तेच वळणदार जंतू निघाले.

इथे मी वाचता वाचता थांबले. बिलरोथच्या पद्धतीनं कापलेले तुकडे. आबांच्या पोटातून निघाला तसलाच तुकडा. गुन्हेगार त्यावर बसलेला आणि तुकडा बादलीत.

मग काय झालं? १९५४ मध्ये अमेरिकेत एडी पामर यांनी हजारांहून जास्त लोकांच्या जठराचे नमुने तपासले. एकातही जंतू सापडले नाहीत. पण त्यांनी चांदीचा रंग वापरला नव्हता. नेहमीच्या रंगात हे जंतू डोळ्यांतून सहज निसटतात. निष्कर्ष निघाला : जठराच्या आम्लात जंतू जगत नाहीत, जे दिसले ते बाहेरून आलेले. विषय बंद. फ्रीडबर्ग हृदयरोगाकडे वळले. ग्रीसमध्ये जॉन लिकुडिस हे साधे गावडॉक्टर १९५८ पासून अल्सरच्या रोग्यांना अँटिबायोटिक देत होते आणि रोगी बरे होत होते. त्यांना दाद मिळाली नाही, उलट दंड झाला.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला जठराच्या नमुन्यावर एक निळसर रेघ दिसली. त्यानं चांदीचा रंग लावला. जंतूच जंतू. आणि ते श्लेष्म्याच्या थराखाली, पेशींना बिलगून. दोन वर्षं तो एकटाच हे पाहत होता. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा शिकाऊ डॉक्टर त्याला येऊन मिळाला. जंतू बशीत वाढवायचा प्रयत्न सुरू झाला. दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी फेकायची, असा नियम. तीसहून जास्त रोग्यांचे नमुने असे वाया गेले. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी आली, बशा चार-पाच दिवस उबवणीयंत्रात तशाच राहिल्या, आणि परत येऊन पाहतात तर वसाहती उगवलेल्या. हा जंतू सावकाश वाढणारा होता, एवढंच.

त्या एप्रिलमध्ये आबा घरी बसून होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाला तीन महिने होत आले होते. पगार बंद. बाबा सांगतात, तेव्हा आबांचा एक विनोद चाळीत फिरला होता : “माझं बरं हाय, पोट अगुदरच अर्धं केलंय.”

पुढचं बरंच प्रसिद्ध आहे. १९८३ मध्ये एका ऑस्ट्रेलियन परिषदेनं मार्शलचा निबंध नाकारला. आलेल्या ६७ पैकी ५६ स्वीकारले गेले, त्यात तो नव्हता. १९८४ मध्ये त्यानं आधी स्वतःचं जठर निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि जंतूंचं पाणी पिऊन टाकलं. आठवडाभरात उलट्या, तोंडाला घाण वास. एंडोस्कोपीत जठराला सूज आणि तेच जंतू. बायकोनं सांगितलं, आता औषध घे. यातून अल्सर सिद्ध झाला नाही, जठरदाह सिद्ध झाला. पण दार उघडलं. जंतूला १९८९ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं. ते पाहायला फ्रीडबर्ग हयात होते, वयाच्या ९७ व्या वर्षी.

श्वार्झचं सूत्र खोटं नव्हतं, अर्धं होतं. हा जंतू अँट्रममध्ये ठाण मांडतो तेव्हा गॅस्ट्रिन वाढतं, गॅस्ट्रिननं आम्ल वाढतं, आणि ते छोट्या आतड्याच्या सुरुवातीला जखम करतं. अँट्रम कापल्यावर अल्सर का बरा व्हायचा, तेही आता कळतं. सर्जन हुकूम देणारा भाग काढत होते, आणि नकळत जंतूचं मुख्य घरही.

भिंतीतला चोर आणि भिंतीतला पहारेकरी

आम्लात जंतू जगतो कसा? तो युरिएज नावाचं विकर सोडून युरियापासून अमोनिया करतो आणि स्वतःभोवती आम्ल मारतो. २००९ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यामुळे भोवतीची घट्ट जेली पातळ होते आणि जंतू तिच्यातून पोहत जातो. म्हणजे मळसूत्रासारखा भिंतीत घुसत नाही. आधी भिंत ओली करतो, मग चालत जातो.

२००४ हे वर्ष मला फार आवडतं. त्या वर्षी दोन गोष्टी छापून आल्या. डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की हा जंतू टीएफएफ-१ ला, म्हणजे आपल्या बेलाच्या पानाला, घट्ट धरतो. तो म्यूक-५-एसीच्या साखरेला चिकटतो हेही तोवर माहीत झालं होतं. थोडक्यात, जठरानं स्वतःच्या रक्षणासाठी विणलेली जाळी हीच चोराची शिडी.

दुसरी गोष्ट जपानच्या शिनशू विद्यापीठातली. हा जंतू खोल ग्रंथींत सहसा का दिसत नाही, हा प्रश्न होता. तिथे म्यूक-६ असतं. मासातोमो कावाकुबो, जुन नाकायामा आणि सहकाऱ्यांना आढळलं की म्यूक-६ च्या साखळ्यांच्या टोकाला एक खास साखर असते, आणि तीच जंतूला मारक ठरते. या जंतूला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवता येत नाही. तो आपल्याकडचं उचलतो आणि त्याला ग्लुकोज जोडून आपल्या आवरणात घालतो. म्यूक-६ ची साखर नेमकं हे जोडकाम अडवते. मग जंतू वेडावाकडा होतो आणि मरतो. आपल्या जठरातच एक जन्मजात अँटिबायोटिक आहे.

आता आबांच्या जठराकडे पाहा. अँट्रम गेला, म्हणजे जंतूचं घर गेलं, पण म्यूक-६ आणि टीएफएफ-२ चं मोठं भांडारही गेलं. आतड्याकडची झडप गेली, त्यामुळे पित्त उलटं वर येऊ लागलं. पित्तानं उरलेल्या अस्तराला नवाच दाह होतो. जंतूलाही पित्त मानवत नाही, म्हणून अशा उरलेल्या जठरात वर्षं जातील तसा तो कमी सापडतो, विशेषतः बिलरोथ २ नंतर. पण कमी म्हणजे संपला असं नाही. काहींच्या जठरात तो टिकतो. आणि अर्धवट जठरात वीसेक वर्षांनी कर्करोगाचा धोका वाढतो. अशा उरलेल्या जठरातल्या कर्करोगाची नोंद डोनाल्ड बॅलफोर यांनी १९२२ मध्येच करून ठेवली आहे. म्हणूनच आज कर्करोगासाठी जठराचा भाग काढला, तरी उरलेल्या भागात जंतू आहे का ते तपासतात आणि असेल तर औषध देतात. ऑपरेशन झालं म्हणजे गोष्ट संपली, असं आता कुणी धरत नाही.

आबांच्या वेळी धरत होते. टाके काढले, कार्ड हातात दिलं. पंगतीतल्या त्या घामाला ‘डम्पिंग’ म्हणतात. गोड पदार्थ जठरात न थांबता सरळ आतड्यात कोसळतो म्हणून ते होतं. नाटक नव्हतं. नव्वदच्या दशकात त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, तोल जाऊ लागला, दिवसभर पडून राहावंसं वाटायचं. बाबा तेव्हा त्यांच्यावर चिडायचे. गिरणी गेल्यापासून म्हातारा आळशी झाला, असं बोलायचे. जठराचा मोठा भाग गेला की बी-१२ शोषायला लागणारं प्रथिन कमी पडतं, आणि शरीरातला साठा संपायला काही वर्षं जातात. कुणा डॉक्टरनं शेवटी ते ओळखलं, इंजेक्शनं सुरू झाली आणि आबा पुन्हा काठी न घेता देवळात जाऊ लागले. बाबा हे सांगताना मान खाली घालतात.

चौदा दिवस

माझी एंडोस्कोपी झाली तेव्हा डॉक्टरांनी तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला आणि एका पिवळ्या जेलीत टाकला. थोड्या वेळानं ती गुलाबी झाली. युरिएज. मला आम्ल कमी करणारी गोळी आणि अँटिबायोटिक मिळून चौदा दिवसांचा कोर्स दिला. चौदा दिवस तोंडात नाणं धरल्यासारखी चव होती. मधेच सोडावासा वाटला. पण अर्धवट सोडलं की जंतू औषधाला निर्ढावतात, आणि आपल्याकडे काही अँटिबायोटिकना ते आधीच दाद देत नाहीत. पूर्ण केला. नंतरच्या तपासणीत जंतू नव्हते.

सगळे अल्सर यानंच होतात असं नाही. वेदनाशामक गोळ्यांनीही होतात, आणि विडीनं भर पडते. हा जंतू असलेल्या बहुतेकांना तर कधीच काही होत नाही. पण आबांच्यासारख्या ड्युओडेनल अल्सरमागे त्या काळी बहुतांशी तोच असायचा.

तो येतो बहुधा लहानपणी, घरातूनच. दाटीची खोली, एकच माठ, एकच ताट. माणसाबरोबर तो आफ्रिकेतून निघाला त्याला सुमारे ५८ हजार वर्षं झाली, असा अंदाज त्याच्या जनुकांवरून बांधला आहे. जगभरच्या माणसांचं स्थलांतर या जंतूच्या जातींवरून वाचता येतं. माझ्या पोटातला कदाचित आबांकडून बाबांकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आला असेल. लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीतून आमच्या वाट्याला आलेली एवढी एकच इस्टेट, आणि ती मी चौदा दिवसांत संपवली.

ट्रंक उघडली त्या संध्याकाळी मी आजीजवळ जाऊन बसले. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे. कार्ड दाखवलं आणि जमेल तसं सांगितलं. आबांचा अल्सर रागानं झाला नव्हता. तिखटानं असलेली जखम झोंबते, पण अल्सर त्यानं होत नाही. जंतू होता.

आजी बराच वेळ कार्डाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

“मंग माझ्या कोरड्यासाचा दोष न्हवता म्हन की,” ती म्हणाली.

“नव्हता, आजी.”

“त्येंच्या आईला कळाय पायजे हुतं.” मग थोड्या वेळानं, “आन् मी बी त्येंस्नी उगंच बोलले. रागाचं.”

मी काही बोलले नाही. तिनं कार्डाची जुनी घडी पुन्हा जुळवली, पिशवीत घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

“तू औषध पुरं घेतलंस न्हवं?”

घेतलं म्हटलं.

“मंग बास,” म्हणाली, आणि भाकरी टाकायला उठली.